राहुलाचा तांब्या

(वर्षावासातील ग्रंथवाचनाच्या वेळी केलेल्या प्रवचनावरून)





आषाढी पौर्णिमेपासून आपल्या परभणी जिल्ह्यातील अनेक गावांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. दिवसभर शेतात राबून आलेली माणसे रात्री हातपाय धुऊन विहारात येतात. कुठे पक्के विहार आहे, कुठे वर चार पत्रे टाकलेले आहे. मी शाळामास्तर असल्यामुळे वाचायचे काम बहुधा माझ्याकडे येते. अशाच एका गावी वाचन संपल्यावर एक म्हातारी उठून उभी राहिली. तिच्या घराने नुकतीच दीक्षा घेतली होती. ती म्हणाली, "गुरुजी, दीक्षा घेतली, देव काढले, पंचशील पाठ केलं. आता पुढं काय करायचं असतं?"

सभेतली काही पोरे हसली. मला मात्र हसू आले नाही. कारण हा प्रश्न आपल्या प्रत्येक घरासमोर उभा आहे. दीक्षा घेणे म्हणजे उंबरठा ओलांडणे. पण उंबरठा ओलांडून आत आलेला माणूस दारातच उभा राहिला, तर त्याला घर कसे कळणार?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि नंतर लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली. त्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आपण जाणता. त्यांतील पहिल्या काही प्रतिज्ञा काय सोडायचे ते सांगतात. परंतु पुढच्या प्रतिज्ञा काय धरायचे तेही सांगतात : अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता, प्राणिमात्रांवर दया, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्य यांपासून दूर राहणे. आपण सोडण्याचे अर्धे काम धडाक्याने केले. धरण्याचे अर्धे काम अजून बाकी आहे. म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर या बाकी राहिलेल्या अर्ध्यात आहे.

ते उत्तर भगवान बुद्धांनी एका मुलाला कसे दिले, ते आज पाहू.

तथागत राजगृहाच्या वेळुवनात राहत होते. त्यांचा पुत्र राहुल लहान वयातच संघात आला होता आणि अंबलट्ठिका नावाच्या ठिकाणी राहत होता. एके दिवशी सायंकाळी तथागत त्याच्याकडे गेले. राहुलाने आसन मांडले, पाय धुण्यास पाणी ठेवले. भगवंतांनी पाय धुतले आणि भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले. आपल्या भाषेत सांगायचे तर तांब्याच्या तळाला घोटभर पाणी राहिले. त्यांनी राहुलाला विचारले, हे थोडे पाणी दिसते का? राहुल म्हणाला, दिसते. तथागत म्हणाले, जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याच्यातले साधुत्व एवढेच थोडे असते.

मग त्यांनी ते पाणी फेकून दिले आणि म्हणाले, त्याचे साधुत्व असे फेकलेले असते. मग तांब्या पालथा घातला. त्याचे साधुत्व असे पालथे असते. मग तांब्या पुन्हा सरळ केला आणि रिकामा तळ दाखवला. त्याचे साधुत्व असे रिकामे असते.

पुढे त्यांनी लढाईतल्या हत्तीचा दाखला दिला. हत्ती पायांनी, दातांनी, शेपटीने लढतो, पण सोंड जपून ठेवतो. तोवर समजावे की तो अजून जिवावर उदार झालेला नाही. ज्या दिवशी सोंडही वापरू लागला, त्या दिवसापासून त्याला काहीच वर्ज्य राहिले नाही. तसे ज्याने खोटे बोलण्याची लाज सोडली, त्याला कोणतेही पाप वर्ज्य राहत नाही.

शेवटी त्यांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तेव्हा तथागत म्हणाले, तसेच पाहून पाहून कर्म करावे. शरीराचे, वाणीचे आणि मनाचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी पाहावे, करीत असताना पाहावे, केल्यानंतरही पाहावे : यामुळे मला दुःख होईल काय? दुसऱ्याला दुःख होईल काय? कृतीत किंवा बोलण्यात चूक झाली असेल, तर ती जाणत्या माणसापुढे उघडी करावी आणि पुन्हा होऊ देऊ नये.

बंधूंनो, या उपदेशात देव नाही, नवस नाही, मंत्र नाही. एक तांब्या, एक हत्ती आणि एक आरसा. सम्राट अशोकाने आपल्या बैराट येथील शिलालेखात भिक्षू, भिक्षुणी, उपासक आणि उपासिका यांनी वारंवार ऐकावेत असे काही उपदेश नावानिशी सांगितले आहेत. त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेला हा उपदेश आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एक सम्राट सांगतो की हा उपदेश घरसंसारी माणसानेही ऐकावा. म्हणून तो तुमच्या-माझ्यासाठी आहे.

आता मी माझाच तांब्या तुमच्यासमोर ठेवतो. दुसऱ्याला उपदेश करणाऱ्याने आधी आपले भांडे दाखवावे, हे बरे.

आमच्या घरी दीक्षा झाली २००६ साली, धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी. मी तेव्हा महाविद्यालयात नुकताच गेलो होतो. आमच्या घराण्यात शिकलेला पहिला मीच. वडिलांना सहीपुरते लिहिता येई, आईला तेही नाही. दोनचार पुस्तके वाचून मला वाटू लागले होते की, घरात शहाणा मी एकटा आहे. दीक्षेनंतर काही महिन्यांनी ज्वारीच्या कणगीत हात घातला, तर फडक्यात बांधलेले देवीचे टाक हाताला लागले. आईने ते लपवून ठेवले होते. मी अंगणात येऊन, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात तिला नाही नाही ते बोललो. अडाणी म्हणालो. बाबासाहेबांशी बेइमान म्हणालो. टाक उचलले आणि नदीत फेकून आलो. आई एक अक्षर बोलली नाही. दोन दिवस तिच्या पोटात अन्न गेले नाही.

पुढच्या पौर्णिमेला विहारात मला बोलायला उभे केले. टाळ्या मिळाव्यात म्हणून मी सांगितले, "माझ्या आईने स्वखुशीने, स्वतःच्या हाताने देव नदीत सोडले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई बायकांच्या रांगेत खाली मान घालून बसली होती.

नंतर मावशीकडून कळले की माझ्याआधी आईची दोन लेकरे दगावली होती. मी जगावा म्हणून तिने नवस बोलला होता. ते टाक तिने देवीसाठी नव्हे, माझ्यासाठी जपले होते.

मी चूक काय केली? टाक घरातून गेले हे चूक नव्हते. प्रतिज्ञा घेतल्यावर ते जायलाच हवे होते. परंतु ज्या वाणीने पंचशील घेतले, त्याच वाणीने मी आईला जखम केली आणि त्याच वाणीने भर विहारात, तथागतांच्या मूर्तीसमोर खोटे बोललो. देव्हारा रिकामा केला आणि तांब्याही रिकामा केला.

बरीच वर्षे हे मनात राहिले. पुढे मास्तर झालो. एका वर्षावासात राहुलाची हीच गोष्ट मोठ्याने वाचताना माझा आवाज अडला. त्या रात्री सगळ्यांसमोर खरे काय घडले ते सांगितले आणि आईची माफी मागितली. घरी आल्यावर आई एवढेच म्हणाली, "झालं ते झालं. आता जेवायला बस." धम्म काय आहे ते मला पदवीच्या कागदापेक्षा त्या जेवणाच्या ताटावर अधिक कळले.

बंधूंनो, स्वतः तथागत अशा वेळी कसे वागले ते पाहा. राजगृहातील सिगाल नावाचा गृहपतिपुत्र रोज पहाटे स्नान करून, ओल्या वस्त्राने सहा दिशांना नमस्कार करीत असे. का? तर वडिलांनी मरताना तसे सांगितले होते म्हणून. तथागतांनी त्याची टिंगल केली नाही. त्याच्या मेलेल्या बापाला अडाणी म्हटले नाही. ते म्हणाले, सहा दिशांचा मान ठेवायचा तो असा. पूर्व म्हणजे आईवडील. दक्षिण म्हणजे गुरू. पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले. उत्तर म्हणजे मित्र आणि सोयरे. खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारी माणसे. वरची दिशा म्हणजे शीलवान साधुजन. यांच्याशी आपले कर्तव्य चोख करणे हीच दिशांची पूजा. मुलाच्या हातून जुनी पूजा सुटली, पण बापावरचे प्रेम सुटले नाही. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी आपण याच रीतीने बोलले पाहिजे. नवा अर्थ हातात दिल्याशिवाय जुना आधार हिसकावून घेऊ नये.

त्याच उपदेशात तथागतांनी संपत्ती कोणत्या वाटांनी निघून जाते ते मोजून सांगितले आहे : दारू, अवेळी भटकणे, तमाशे, जुगार, वाईट संगत आणि आळस. दारूचे परिणामही मोजले आहेत. पैसा जातो, भांडण वाढते, आजार येतो, नाव खराब होते, लाज जाते आणि बुद्धी क्षीण होते. हे ऐकताना तुम्हाला आपल्याच गल्लीचे वर्णन वाटत नाही काय?

हिशेब करू. जो माणूस रोज पन्नास रुपयांची पितो, त्याचे वर्षाला अठरा हजार दोनशे पन्नास रुपये जातात. आमच्या गंगाखेड, सोनपेठ भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. माझ्या वर्गातली पोरे त्यांच्याबरोबर जातात आणि परत येतात तेव्हा पाढे विसरलेली असतात. ती उचल कशासाठी घेतली होती असे मी विचारतो. कोणी दवाखाना सांगतो, कोणी बियाणे सांगतो. तिथे माझी मान खाली जाते, कारण ती गरिबी आहे, तो दोष नव्हे. पण कोणी सांगतो, लग्नात वाजतगाजत वरात काढली, कोणी सांगतो, हुंडा दिला. पांढरी वस्त्रे नेसून, त्रिशरण-पंचशील घेऊन लागलेले ते लग्न असते. मग मला विचारावेसे वाटते की पंचशील मंडपात म्हटले, ते बैठकीत कुठे गेले? न दिलेले घेऊ नये असे दुसरे शील सांगते. मुलीच्या बापाच्या मनाविरुद्ध त्याच्याकडून काढलेला पैसा 'दिलेला' कसा म्हणायचा?

सिगालाला तथागतांनी मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग घरखर्चाला, दोन भाग कामधंद्यात, चौथा भाग अडचणीच्या दिवसासाठी राखून ठेवायचा. मजुरी करणारा म्हणेल, गुरुजी, माझे सगळेच घरखर्चाला पुरत नाही. खरे आहे. हा हिशेब श्रीमंताच्या मुलाला सांगितलेला आहे. पण त्यातला अर्थ आपणही घेऊ शकतो. आलेला पैसा खर्चण्याआधी मोजावा. आपला कामधंदा म्हणजे एखादी शेळी, शिलाईचे यंत्र आणि सर्वांत मोठा धंदा म्हणजे मुलांचे शिक्षण. चौथा भाग नसेल निघत, तर दहावा निघू द्या. ज्या घरात अडीअडचणीचा पैसा आहे, त्या घराला सावकार आणि मुकादम हात जोडायला लावू शकत नाहीत. स्वाभिमान नुसत्या घोषणेने येत नाही, तो असा जमवावा लागतो.

सत्याबद्दल आणखी एक गोष्ट. शाळेत नाव घालताना पालक कधी कधी दबक्या आवाजात म्हणतात, "गुरुजी, धर्म जुनाच लिहा, नाहीतर सवलत जाईल." १९५६ मध्ये दीक्षा घेणाऱ्यांना ही भीती खरीच सोसावी लागली, तरी त्यांनी दीक्षा घेतली. पुढे १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही तो दर्जा मिळाला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म बौद्ध सांगितला. जे आपण आहोत ते सांगायला आता भ्यायचे कशाला? विहारात एक आणि दप्तरात दुसरे, हाही पालथा तांब्याच आहे.

आता मार्गाकडे येऊ. 'बोधी' हा शब्द ऐकला की आपल्याला वाटते, हे काही अरण्यातल्या योग्याचे काम आहे. पण सिद्धार्थ गौतमांनी शरीर सुकवून पाहिले आणि ती वाट सोडून दिली. सुजातेने दिलेली खीर खाऊन, अंगात बळ आणून ते पिंपळाखाली बसले. बोधी म्हणजे जाणणे. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि त्याचा मार्ग आहे, हे स्वतः जाणणे. बाबासाहेबांनी आपल्याला समजावले की निर्वाण हे मेल्यानंतर मिळायचे काही नाही. लोभ, द्वेष आणि मोह यांची आग याच जन्मी, याच संसारात विझवणे म्हणजे निर्वाण.

त्यासाठी आठ अंगे आहेत. सम्यक दृष्टी : आपली गरिबी नशिबाने नव्हे, कारणांनी आली हे पाहणे. सम्यक संकल्प : मनात सूड न ठेवता चांगल्याचा निश्चय करणे. सम्यक वाचा : खरे, गोड आणि कामाचे बोलणे. आईशीसुद्धा, हे मी माझ्यापुरते जोडतो. सम्यक कर्मान्त : हाताने कोणाचे वाईट न करणे, बायकोवर हात न उगारणे. सम्यक आजीविका : दुसऱ्याचे घर बुडवून आपले घर न चालवणे. आपल्याच वस्तीत दारू विकणाऱ्याने हे ऐकावे. सम्यक व्यायाम : वाईट सवय सोडण्याचा आणि चांगली लावण्याचा नेटाने प्रयत्न. सम्यक स्मृती : आपण काय करतो याचे भान. सम्यक समाधी : शांत, एकाग्र मन.

सम्यक व्यायामाचा दाखला आपल्या मराठवाड्यातच आहे. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला. त्यानंतर आपल्या वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. साडेपंधरा वर्षे लोक मागणीवरून हटले नाहीत. नेटाचा प्रयत्न म्हणतात तो हा.

आणि द्वेषाची परीक्षा तर कालपरवाच झाली. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, जाळपोळ, मग धरपकड. अटक झालेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. तेव्हा माझे जुने विद्यार्थी मला विचारत, "सर, आताही मैत्रीच सांगणार का?" मी सांगितले, होय, आणि न्यायही मागणार. मैत्री म्हणजे गप्प बसणे नव्हे. अंगुलिमालासमोर तथागत गप्प बसले नाहीत, पळालेही नाहीत. त्याला थांबायला सांगितले. अन्याय करणाऱ्याला थांबवणे हीसुद्धा करुणाच आहे. पण दगड कोणाच्या तरी निरपराध माणसाच्या दुकानावर पडतो आणि त्या दगडाने आपलीच बाजू दुबळी होते. न्यायाच्या लढाईत साक्षीदार लागतात. जे पाहिले ते भीती न बाळगता, पदरचे काही न घालता सांगणारे साक्षीदार. असा माणूस आयत्या वेळी तयार होत नाही. लहानसहान गोष्टींत रोज खरे बोलणाऱ्या घरातून तो येतो.

म्हणून, आजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. देव्हाऱ्याच्या जागी नुसती तसबीर लावून भागणार नाही. रोज रात्री दिवा मालवण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी एक क्षण शांत बसावे आणि प्रत्येकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आज मी कोणाला दुखावले काय? आज मी खोटे बोललो काय? आज न मिळालेले काही घेतले काय? उत्तर 'होय' असेल तर ज्याचे त्याला सकाळी जाऊन सांगावे. पौर्णिमेला सहकुटुंब विहारात यावे. घरात एक वही ठेवावी आणि आलेला-गेलेला पैसा मुलाकडून किंवा मुलीकडून त्यात लिहून घ्यावा. लिहिता येत नाही याची लाज धरू नये. माझ्या आईने पन्नाशी उलटल्यावर माझ्याकडून अक्षरे गिरवली आणि आता ती सही करते.

चूक होईल. प्रतिज्ञा मोडेल. तेव्हा तांब्या पालथा टाकून निघून जाऊ नका. तो सरळ करा, पुन्हा भरा. राहुल लहान होता, चुकतही असेल, पण वडिलांनी त्याला टाकून दिले नाही. त्याच्याजवळ बसून शिकवले. आपणही आपल्या मुलांजवळ, आपल्या म्हाताऱ्यांजवळ आणि पिऊन पडलेल्या आपल्या भावाजवळही असेच बसू या.

भवतु सब्ब मंगलं.

नमो बुद्धाय! जय भीम!